बॉनेट उघडायचं नाही

जीप सुरू व्हायच्या आधीच आबांनी मला बजावलं, "तिथं गेल्यावर बॉनेट उघडायचं न्हाई. एक चक्कर मार, चांगली हाय म्हण आन् गप बस." मी हसले. वाटलं, थट्टा करतायत. मग त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसू जागच्या जागी विरलं. इतक्या वर्षांनी ते वाक्य आठवलं तरी माझं डोकं तेवढंच तापतं. वय झालं की राग निवळतो असं लोक सांगतात. माझा निवळलेला नाही, आणि तो निवळावा अशी माझी इच्छाही नाही.

हे दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी कानामागे टाकलं असतं. पण आबांनी सांगावं? माझे वडील उभी हयात सैन्याच्या वाहनांच्या वर्कशॉपमध्ये होते. निवृत्त होऊन आल्यावर त्यांनी उंब्रजला हायवेलगत गॅरेज टाकलं, आणि जुनी गाडी घ्यायची तर आधी आबांना दाखवायची, असा आमच्या भागात शिरस्ताच पडला. विकणारा सरपंच असो नाहीतर फौजदार, आबांची पद्धत ठरलेली. आधी बॉनेटवर तळहात ठेवायचे. गरम लागलं की म्हणायचे, "उद्या सकाळी आणा, थंड." गरम इंजिन आपल्या खोडी लपवतं, हे त्यांचं ठाम मत होतं. मग दार उघडून आधी नाक आत घालायचे, डोळे नंतर. मग गोणपाट अंथरून सरळ गाडीखाली. मालक वर उभा राहून घाम पुसत असायचा आणि आबा खालून एकेक दोष मोठ्यानं सांगत सुटायचे. मी त्या गोणपाटावरच वाढले म्हटलं तरी चालेल. कराडला गाड्यांच्या एका शोरूमच्या वर्कशॉपमध्ये मला नोकरी लागली ती काही माझ्या मार्कांवर नाही, ह्याच शिकवणीवर.

आमच्या स्वयंपाकघराची आणि गॅरेजची भिंत एकच होती. भिंतीपलीकडे कॉम्प्रेसर धडधडायला लागला की फळीवरची भांडी वाजायची. इकडे आईचा भाकरी थापण्याचा आवाज, तिकडे आबांची हातोडी, आणि उसाचा हंगाम असला की हायवेवरून ट्रॅक्टर गाणी लावून जायचे, ती गाणी दोन्ही खोल्यांत सारखीच ऐकू यायची. पिठल्याला ऑइलचा वास येतो ही आईची कायमची तक्रार. आबा म्हणायचे, "मग तेल कमी घाल, आपसूक हाय त्यात." ह्या घरात कुणी कुणाला भीत नव्हतं. ग्राहकाला तोंडावर खोटा म्हणायला आबा कचरत नसत आणि आबांना तोंडावर खोटं म्हणायला आई. म्हणून तर मला कळायला उशीर झाला की आमच्याही घरात भिण्याची एक जागा आहे, आणि ती सांगलीला आहे.

सांगलीला माझी थोरली बहीण दिली होती. सुजाता, आमची अक्का. दाजी हळदीचे व्यापारी. घर कृष्णेजवळ गावभागात, दुमजली. आणि दारात ती लाल गाडी. दोन दारांची, बुटकी, जपानी बनावटीची, बसायचं तर आधी वाकायचं, मग घसरायचं. आमच्या रस्त्यांवर तिचं काय काम हे देवालाच माहीत. प्रत्येक स्पीडब्रेकरवर तिचं पोट घासायचं. लग्नाची वरात त्याच गाडीतून निघाली. अक्का आत बसताना तिचा शालू दारात अडकला, सगळ्या बायका रडत होत्या, आणि मी मेली त्या गाडीचा आवाज ऐकत उभी. त्या दिवसापासून ती गाडी माझ्या डोक्यात बसली. मैत्रिणी नवऱ्याची स्वप्नं बघत होत्या, मी घाटातल्या वळणावर गिअर खाली घेत होते.

महापूर येऊन गेला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात दाजींचा फोन आला. गाडी विकायचीय म्हणाले. मला ते आधीच माहीत होतं. इंटरनेटवर त्यांनी जाहिरात टाकली होती, चकाचक फोटोंसकट, आणि ते फोटो मी इतक्या वेळा पाहिले होते की फोन गरम व्हायचा. दाजी म्हणाले, "भाईरच्याला कशाला देऊ? मेव्हणीलाच देतो. घरातली गाडी घरात." मी नोकरीला लागल्यापासून साठवत आले होते ते अशाच एखाद्या गाडीसाठी. आईनं डोक्याला हात लावला, पण आबा खूश झाले. जावयानं आपणहून काही देऊ केलं, ह्याचंच त्यांना कौतुक. मी अक्काला फोन केला, विचारलं, "कशी हाय गं गाडी?" ती म्हणाली, "बघ बाई, तुझं तू." तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण मी लाल रंगात बुडाले होते.

आणि आता जीपमध्ये आबांचं हे फर्मान. मी म्हटलं, "आबा, बाजूच्या गावचा मास्तर गाडी घेऊन आला तर त्याला तुमी खाली वाकायला लावता. आन् हितं माझे पैसे जायाचेत तर बॉनेट न्हाई?"

"त्यो मास्तर हाय. हे जावई हायती."

"म्हंजे?"

"जावयाच्या दारात गोणपाट टाकून झोपू व्हय मी? पोरगी दिलीया आपण तिथं. तू नाकं मुरडून परत आलीस तर त्येचं बिल कुणाच्या नावावर फाटंल, कळतंय का?"

कळत होतं. तेवढं मलाही कळत होतं. गाडी नाकारली तर ऐकून अक्काला घ्यावं लागणार, आणि स्वीकारली तर मला डोळे मिटून स्वीकारावी लागणार. आमच्याकडे मुलीचा बाप कितीही ताठ मानेचा असला तरी जावयाच्या उंबऱ्यात त्याची मान आपोआप वाकते, आणि ह्याला माणसं रीत म्हणतात. दिवाळीला त्याला पोशाख, अधिक महिन्यात चांदीचं ताट, तो जेवायला बसला की घरातल्या बाया उभ्या. त्याला चुकीचं म्हणणं राहिलं बाजूला, साधं तपासणंसुद्धा अपमान. मला ह्या रितीची तेव्हाही चीड होती. आज गॅरेज मी चालवते, आणि सासऱ्याला सोबत घेऊन जावई गाडी विकायला आला की मी मुद्दाम जास्त वेळ खाली झोपते.

पेठ नाक्यावरून आत वळून आम्ही आष्ट्यामार्गे सांगलीत पोचलो. मांडीवर आईनं दिलेला डबा होता. शेंगदाण्याचे लाडू, कुरडया आणि वर साताऱ्याचे कंदी पेढे, जावयाला आवडतात म्हणून.

गाडी दारात धुऊनपुसून उभी होती. दाजी पांढऱ्या कपड्यांत, हातात किल्ली खेळवत. त्यांची आई बाहेर खुर्चीवर लसूण सोलत बसली होती. तिनं आमच्याकडे न बघताच "या" म्हटलं. अक्का दारात आली, हसली, माझ्या हातातला डबा घेऊन आत गेली. ती वाळली होती. उन्हाळा आहे म्हणून असेल, असं मी स्वतःला समजावलं. बॉनेटजवळून जाताना मी सवयीनं तळहात टेकवला. चटका बसला. आम्ही यायच्या आधी बराच वेळ इंजिन चालू ठेवलेलं होतं. मी आबांकडे पाहिलं. आबा हळदीच्या भावाबद्दल विचारत होते.

दाजींनी दार उघडलं आणि आतून उदबत्ती, कापूर आणि कसल्यातरी गोड अत्तराचा असा भपकारा आला की डोळ्यांत पाणी आलं. खाली कोरी करकरीत मॅट, सीटला नवीन कव्हर. तरीही मी मागं फिरले नाही. खरंच सांगते, बापाचा शब्द पाळायचा असं ठरवून मी आत बसले. चक्कर मारायची आणि चांगली आहे म्हणायचं. मी सीट बेल्ट ओढला. दाजी सडपातळ, माझा बांधा आबांसारखा आडवा, त्यामुळे बेल्ट जरा जास्त ओढावा लागला. तो अडला. मी जोर लावला तेव्हा कर्र करत सगळा बाहेर आला, आणि आत गुंडाळून राहिलेला त्याचा शेवटचा भाग माझ्या मांडीवर पडला. कडक, तपकिरी, वाळलेल्या गाळानं भरलेला. कोरा भाग कुठं संपतो आणि चिखल कुठं सुरू होतो ती रेघ स्पष्ट दिसत होती. मी बोटानं खरवडलं तर नखात कृष्णेची माती आली.

माझं डोकं सटकलं. मी खाली उतरले, मॅट उचकटली. सीटचे बोल्ट गंजून फुगलेले. डिकी उघडून स्टेपनी बाहेर काढली, तिच्या खळग्यात गाळाचा थर, वर भेगा पडलेला. हेडलाइटच्या काचेआड पाण्याचे डाग. डॅशबोर्डखाली हात घालून वायरिंगचा एक जोड सोडवला तर तांबं हिरवं पडलेलं. ही गाडी बुडाली होती, आणि थोडीथोडकी नाही. अशा गाडीचं वायरिंग कधी दगा देईल सांगता येत नाही. खंबाटकी घाटाच्या उतारावर इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग जड होतं, ब्रेकवर उभं राहिलं तरी गाडी ऐकत नाही. हे मला आबांनीच शिकवलं होतं. मी सरळ रस्त्यावर पाठ टेकली आणि गाडीखाली शिरले. गोणपाटाची वाट बघायला मला वेळ नव्हता. खालून मला आबांच्या चपला दिसत होत्या. त्या जागच्या हलल्या नाहीत.

"वैशे, ऊठ," आबा म्हणाले. "लोक बघायल्यात."

मी उठले. कपडे न झटकता म्हटलं, "दाजी, गाडी पुरात हुती."

दाजी हसले. राग आला असता तर मला बरं वाटलं असतं, पण ते लहान मुलाला हसावं तसे हसले. "कोण म्हणतंय?"

"गाडीच म्हणतीया. ह्यो पट्टा बघा."

"आवं, पावसाळ्यात काच उघडी ऱ्हायली आसंल," त्यांची आई खुर्चीवरून म्हणाली.

तेवढ्यात अक्का चहा आणि भडंगाच्या वाट्या घेऊन बाहेर आली. दाजी तिच्याकडे वळले, अगदी मवाळ आवाजात म्हणाले, "सुजाता, सांग गं तुझ्या बहिणीला. पूर आला तवा गाडी कुठं हुती?"

सगळे अक्काकडे बघायला लागले. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, दाजींकडेही नाही. ती आबांकडे बघत होती. आबांनी ट्रेमधला एक कप उचलला आणि त्यात फुंकर मारली. मग अक्का म्हणाली, "वरच्या अंगाला नेऊन लावली हुती. पाणी न्हाई लागलं."

मला तिचा जो राग आला तो सांगता येणार नाही. दाजी परके होते, विकणारा माणूस खोटं बोलतोच. पण माझी सख्खी बहीण, मला त्या गाडीत बसून घाट उतरायचाय हे माहीत असून, माझ्या तोंडावर खोटं बोलली. माझ्या नखात माती होती आणि ती म्हणत होती पाणी लागलं नाही. आबा पुढं झाले. "पाव्हणं, मनावर घेऊ नका. ल्हान हाय ती, तिला काय कळतंय. गाडी आमाला पसंत हाय. वैशे, विसार दे."

विसाराचे पैसे माझ्या पर्समध्ये होते. मी पर्स काखेत दाबली. "कुणाला पसंत हाय? मला न्हाई. मी न्हाई घेत."

"वैशाली!"

"तुमाला पसंत हाय तर तुमी घ्या. मी ह्या गाडीत बसणार न्हाई, आन् आईलाबी बसू देणार न्हाई."

दाजींचं हसू गेलं. ते माझ्याशी बोललेच नाहीत. आबांना म्हणाले, "मामा, पोरीला लय शिकवून ठिवलंय तुमी." आणि ज्या माणसानं फौजदाराला उन्हात ताटकळत ठेवलं होतं तो माझा बाप हात जोडून म्हणाला, "चुकलं, पाव्हणं." मी जाऊन जीपमध्ये बसले. चहा तसाच राहिला. अक्का ट्रे घेऊन उभी होती. निघताना तिनं हात हलवला नाही आणि मीही नाही.

पेठ नाक्याला हायवेवर आल्यावर आबा बोलले. "तिला तिथं ऱ्हायचं हाय."

"म्हणून मी गाळानं भरलेली गाडी गळ्यात बांधून घ्यायची?"

"व्हय."

मी विचारलं, "आबा, खरं सांगा. तुमाला गाळाचा वास आला हुता का न्हाई?"

त्यांनी समोरचा ट्रक ओलांडला. "दार उघडल्या उघडल्या," म्हणाले.

कळलं नसतं तर मी माफ केलं असतं. त्यांना पहिल्या मिनिटाला कळलं होतं, आणि तरी ते मला विसार दे म्हणाले. जावयाचा मान राहावा म्हणून माझा जीव त्या वायरिंगवर टांगायची त्यांची तयारी होती. त्यापुढं कितीतरी दिवस मी आबांशी कामापुरतं बोलले. घरात कॉम्प्रेसर आणि आईची भाकरी सोडली तर आवाज नव्हता. सांगलीहून फोन येत नव्हता. मी केला तर उचलत नव्हते.

हे प्रकरण लिहून झाल्यावर मी अक्काला वाचून दाखवलं. ती आता आमच्यापासून चार घरं सोडून राहते, शाळेत शिकवते, आणि तिला स्वतःची एक गाडी आहे, साधी, पांढरी, मी तपासून घेतलेली. वाचून झाल्यावर मी विचारलं, नावं बदलू का? तर म्हणाली, "त्यांची बदल. माझं ऱ्हाऊ दे." म्हणून दाजींचं नाव मी खोडूनच टाकलं.

त्या अबोल्यात एका रविवारी सांगलीहून अक्काचा फोन आला तेव्हा दुपार होती. आम्ही गॅरेजमध्येच जेवत होतो, आईनं हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं केलं होतं. मी अजून हात धुवायची होते, बोटं ऑइलची, म्हणून मी कोपरानं स्पीकर चालू केला आणि ती काही बोलायच्या आत सुरू झाले. इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं तिच्यावर ओतलं. खोटं का बोललीस, मी मेले असते तर चाललं असतं का, वगैरे.  मागं वाऱ्यावर कपडे फडफडल्याचा आवाज येत होता. ती गच्चीवर होती.

"झालं?" ती म्हणाली. "आता माझं ऐक. समज, मी खरं बोलले असते. मग काय झालं असतं? त्याच जीपमधनं तुमी मला न्हेलं असतं का?"

"न्हेलं असतं की!"

"तू न्हेलं असतंस. आबांनी? आबा म्हणाले असते का, सुजे, बस जीपमंदी? मी त्यांच्याकडंच बघत हुते. त्यांनी च्या फुकला." ती पुढं म्हणाली, "तुमी निघून गेला असता आन् मी खरं बोलून त्या घरात मागं ऱ्हायले असते. कशाच्या जोरावर बोलू?"

आबांचा हात ताटात थांबला होता. स्पीकर चालू आहे हे तिला ठाऊक नव्हतं. मी सांगितलं नाही.

"पाणी उंबऱ्याला लागलं तवा ह्यो माणूस गाडी ढकलत हुता," ती सांगत होती. "मी हाका मारतीया, सासूबाई हातरुणात, आन् ह्यो गाडीला दोर बांधतोय. म्हातारीला मी पाठीवर घिऊन जिना चढले. पाणी माझ्या कमरंला. वर आल्यावर मला म्हणाला, तू हात लावला असतास तर गाडी निघाली असती. तवापासनं गाडीचं नाव काढायचं न्हाई, पुराचं न्हाई. आन् तुमी गेल्यापासनं तर माझ्याशी कुणी बोलतच न्हाई. मी ताट वाढलं की उठून जातात, मग मीबी न जेवता झाकून ठिवते."

"अक्का..."

"थांब. एक बोलू दे मला. त्या दिशी तू खाली झोपलीस, मॅट उचकटलीस, पट्टा वढून वढून बघितलास. मी खिडकीतनं बघत हुते. लोखंड घ्यायचं तर एवढं बघतात माणसं. मला हितं देताना काय बघितलं गं आबांनी? हळदीचं गोडाऊन बघितलं, दारातली गाडी बघितली. ह्या माणसाला कुणी एक प्रश्न तरी इचारला? मला मात्र बघायला आल्यावर ह्या घरच्यांनी चालून दाखव म्हटलं, केस सोडून दाखव म्हटलं, आन् आबा कोपऱ्यात मान डोलवत बसले हुते."

 आई पदर तोंडाशी धरून भिंतीला टेकली. आबांनी ताट बाजूला सारलं. भाकरीचा मोडलेला तुकडा त्यांच्या हातातच होता. तो तसाच धरून ते हळू आवाजात, तिला ऐकू जाऊ नये असं, मला म्हणाले, "जेवली का इचार तिला."

मी ऑइलच्या हातानं फोन उचलला आणि त्यांच्या हातात दिला.

"तुमीच इचारा," मी म्हटलं.